गेटवरचं ‘व्हय’

चाकणला आमच्या कंपनीच्या गेटवरचा चहावाला प्रत्येक ऑर्डरला मान वर न करता ‘व्हय’ म्हणतो. त्या सकाळी मी तिथे वैतागून उभा होतो. मशीनकडून येणारी प्रत्येक नोंद माझ्या सर्व्हरवर दोनदा येत होती आणि दुपारी साहेबांना प्रोग्रॅम दाखवायचा होता.

शेजारच्या कामगाराने दोन चहा मागवले, आले चार.

“दोनच सांगितले होते, राव.”

“तोंडात पान व्हतं, व्हय म्हनता आलं न्हाई,” चहावाला म्हणाला. “म्हून तू परत वरडलास, मी परत च्या वतला.”

मी नाचायचाच बाकी होतो. माझा सर्व्हरही मशीनला ‘मिळालं’ असं कळवतच नव्हता, म्हणून ते तेच पुन्हा पाठवत होतं.

मी ते ‘मिळालं’ जोडलं आणि दुपारी नोंदी चोख, एकेकदाच आल्या. साहेबांनी विचारलं, “दोनदा येणं थांबलं की! कुणाला विचारलंत?”

“बाहेरच्या तज्ज्ञाला,” मी गंभीरपणे म्हणालो.