मोगऱ्याजवळचा दिवा

आईच्या मोगऱ्याला आपोआप पाणी मिळावं म्हणून मी एक सर्किट बनवलं. त्यातला टायमर दर सेकंदाला एक दिवा लुकलुकवतो. आज आई गॅलरीतून म्हणाली, "अरे, दिवा तर चालू आहे, मग मोगरा का सुकला?"

पाहिलं तर पाणी सोडणारा प्रोग्राम मातीतल्या सेन्सरच्या उत्तराची वाट बघत कधीचा अडकून पडला होता. टायमर मात्र दिवा लुकलुकवतच होता. आता या दिव्याला खोटारडा म्हणावं की इमानी, मला काही कळेना. त्याचं काम त्याने चोख केलं होतं. सगळं ठीक आहे, असं मीच धरून चाललो होतो.

"जेवलास का?" आईने रोजच्यासारखं विचारलं.

"हो," माझ्याही तोंडून रोजच्यासारखंच निघालं.

ओट्यावर माझं ताट अजून झाकलेलंच होतं.