वासंती बंद करायची नाही

ऋजुता भडकली की वागळे इस्टेटमधलं आमचं अख्खं ऑफिस मॉनिटरमागे तोंड लपवतं. मी तिच्या शेजारी बसतो, तरी मीही लपवतो.

ठाकुर्लीची ही बाई बारा वर्षं सॉफ्टवेअर तपासतेय. तिचं म्हणणं एकच, नावावरून काम कळलं पाहिजे. आमचे मालक प्रभाकर सर मात्र प्रोग्रामचं बारसं करतात, पेढे वाटतात. सोसायट्यांना पाण्याचे टँकर मागवायचा प्रोग्राम केला, तर त्याला त्यांनी दिवंगत आईचं नाव दिलं, वासंती. कॉम्प्युटरला हारसुद्धा घातला!

ही वासंती पहिल्या दिवसापासून खोटारडी. टँकर डेपोतून निघाला रे निघाला की ‘पाणी पोचलं’ असं लिहून मोकळी. तो वाटेत कुठेही रिकामा होवो. दिवा स्टेशनजवळच्या सोसायट्यांनी पुन्हा मागणी केली, तर ही नाकारते. वर मेसेज पाठवते, ‘तुम्हाला पाणी मिळालंय. आपली, वासंती’!

ऋजुताने खपून नवा प्रोग्राम तयार करून घेतला. नाव साधं, ‘टँकर नोंद’. मीटिंगमध्ये म्हणाली, “सर, वासंती बंद करा, हा सुरू करू.”

सरांचे डोळे भरून आले. “आईला बंद करू? अगं, जीभ कशी रेटते तुझी?”

आम्ही पंधरा शिकलेली माणसं माना खाली घालून बसलो. संताप येतो आठवलं की, स्वतःचाच.

गेल्या सोमवारी दिव्याहून एका बाईंचा फोन आला. सर तिथेच उभे होते. ऋजुताने मुद्दाम स्पीकर लावला.

“तीन दिवस पाणी नाहीये मॅडम! सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, त्यांना पुसायला तांब्याभर पाणी नाही. कोण ती तुमची वासंती? समोर येऊ दे मेलीला, झिंज्या उपटते तिच्या!”

ऋजुताने आधी ड्रायव्हरला गाठून एक टँकर तिकडे वळवला. सर पांढरेफटक पडून खुर्चीत बसले होते. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

“आईचं नाव काढा त्यावरून,” सर म्हणाले. “आत्ताच्या आत्ता. प्रोग्राम राहू दे चालू. ऋजुता, सुचव ना एखादं छानसं नाव.”

ती उठली. आवाज जराही चढवला नाही.

“प्रभाकर ठेवा. तुमच्या नावाने शिव्या पडल्या ना सर, की संध्याकाळच्या आत बंद कराल.”