पोस्टमनचा तिसरा हात

कृत्रिम हातपाय बनवणाऱ्या त्या कार्यशाळेत सगळ्यात शेवटची खोली रंगमावशींची. खिडकी अशा बाजूला की ऊन कधीच आत येत नाही. उन्हात सगळेच बरे दिसतात, म्हणून उन्हावर मावशींचा विश्वास नाही. साचेवाला साचा काढतो, त्यातून मऊ सिलिकॉनचा हात निघतो आणि शिळ्या माशाच्या रंगाचा तो हात मावशींच्या टेबलावर येतो. पुढे त्याला माणसात आणायचं काम त्यांचं.

सव्वीस वर्षं त्या हेच करत आल्या होत्या, आणि त्यासाठी त्यांना चारच बाटल्या लागत. लाल, पिवळी, निळी, पांढरी. काळी बाटली त्या ठेवतच नसत. नव्या साहेबांनी एकदा विचारलं, "मग काळ्या माणसांचं कसं भागवता?"

"काळा बुटांना लागतो, साहेब. माणसाला हेच चार."

साहेबांनी तपासणीचा छापील फॉर्म आणला होता. त्यात 'त्वचा' या शब्दापुढे गोरी, गव्हाळ, काळी असे तीन चौकोन होते. मावशींनी पहिल्या पेशंटच्या फॉर्मवर तिन्ही चौकोनांत खूण केली, दुसऱ्याच्याही, तिसऱ्याच्याही. साहेबांचा समज झाला की बाईंना वाचता येत नाही, आणि हा समज सोयीचा असल्यामुळे मावशींनी तो दूर केला नाही. गोऱ्यापान बाईच्या हाताला निळा जरा सढळ घालावा लागतो, हेही त्या कुणाला सांगत नसत. गोऱ्यापान बायकांना तर नाहीच.

या धंद्याने नजर कायमची बिघडते. लग्नाला गेल्या की मावशींना नवरानवरी दिसत नसत, प्रमाणं दिसत. यजमानांनी एकदा लाडात विचारलं होतं, "माझ्यात असं काय पाहिलंस गं तू?" त्या म्हणाल्या, "निळा जरा जास्त होता." यजमान दुसऱ्याच दिवशी हृदय तपासून आले.

अशा मावशींना हरवलं ते एका पोस्टमनने.

टपालाच्या गाडीच्या दारात सापडून त्याचा डावा हात मनगटापासून गेला होता. पेशंटचा धड हात टेबलावर ठेवायचा आणि त्याच्याकडे बघत शेजारचा रंगवायचा, ही मावशींची रीत. पोस्टमनचा उजवा हात चांगला सावळा होता, त्यावर बटणाएवढे दोन पांढरे डाग. मावशींनी डाग सोडून बाकीचा रंग उचलला. दीड महिन्याने हात तयार झाला, तोवर डाग पसरत जाऊन उजवा पंजा मनगटापर्यंत पांढरा झालेला. दोन्ही हात शेजारी ठेवले.

"हा गेल्या वर्षीचा मी," पोस्टमन म्हणाला.

दुसरा हात मावशींनी पांढरा केला. तो होईस्तोवर औषधाला गुण आला आणि उजव्या हातावर सावळे ठिपके उमटायला लागले. पोस्टमनने पांढरा हात मुकाट्याने पिशवीत घातला आणि तो पिशवीतच राहिला. सव्वीस वर्षांत मावशींचा एकही हात परत आला नव्हता. आता एकाच माणसाचे दोन वाया गेले.

पुढच्या वेळी तो आला तेव्हा त्याची बायको सोबत होती. तिने सगळं सांगून टाकलं. "हे घराबाहेर पडत नाहीत, मावशी. एक तारखेला कामावर नाही गेले तर यांच्या गल्ल्या दुसऱ्याला देणार, आणि हे आत बसून टपालाचे गठ्ठे लावणार. सोळा वर्षं झाली त्या गल्ल्यांना. तिथली कुत्रीसुद्धा यांच्यावर भुंकत नाहीत."

"एक भुंकतं," पोस्टमन म्हणाला.

"आणि माझी आई. लग्नात म्हणाली, जावई काळा आहे. आता म्हणते, जावई पांढरा पडत चाललाय. तिला नक्की कोणता हवाय, तेवढं तिने एकदा सांगावं."

"बरं, तुमचा खरा रंग कोणता म्हणायचा?" मावशींनी पोस्टमनला विचारलं.

"मला काय माहीत, मावशी? आतून बघताना रंग दिसतच नाही. आरशात बघावं तेव्हा कळतं की आज कोण आलंय." मग खाली बघून म्हणाला, "दोन्ही हात चांगले होते हो. पण माझे नव्हते."

एक तारखेला चार दिवस होते. तिसरा हात रंगवायच्या दिवशी पोस्टमन आला नाही, तापाने पडला होता. टेबलावर बघायला हात नाही, असं मावशींच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं. तरी त्यांनी ब्रश उचलला. संध्याकाळी साचेवाला आला, हात उचलून बघितला, मग मावशींच्या मनगटाशी धरला.

"मावशी, हा तुमचा हात आहे."

तो खरंच त्यांचा होता. ब्रश धरलेला हात तेवढा समोर होता, नजरेने तोच उचलला. नखांचा रंगसुद्धा त्यांचाच. मावशी इतक्या ओशाळल्या की त्यांनी चहा नको म्हटला, आणि कार्यशाळेत काळजी पसरली.

दुसऱ्या दिवशी पोस्टमन आला तेव्हा मावशींनी आधीच कबुली दिली. "चुकलंय माझं. हा टाकून द्यायचाय. दोन दिवस द्या, नवा करते."

पोस्टमनने हात चढवला. तो त्याच्या सावळ्याशी जुळत नव्हता, पांढऱ्याशीही नाही. त्याने बराच वेळ तो उलटापालटा करून पाहिला.

"रंगाचं राहू द्या," तो म्हणाला. "आत्ता लक्षात आलं काय खटकतंय ते. अंगठा स्वच्छ आहे."

"म्हणजे?"

"मी डावरा. शिक्के मी डाव्या हाताने मारायचो. सोळा वर्षं हा अंगठा जांभळा होता. साबणाने जात नव्हता, बायकोच्या बोलण्यानेही नाही."

मावशींनी बाटल्या पुढे ओढल्या. लालात निळा ओतला, बारीक ब्रश घेतला आणि अंगठ्याच्या पेरावर, नखाच्या कडेला, कातडीच्या रेघांत शाई भरली. तासभर लागला. पोस्टमन वाकून बघत होता. "जरा इकडे. इथे जास्त असायची. हां."

एक तारखेला दुपारी तो थेट टपालाच्या पिशवीसकट कार्यशाळेत आला. साचेवाला धावत दारापर्यंत गेला. मावशींनी बसल्या जागेवरूनच विचारलं, "काय म्हणाले लोक?"

"काय म्हणणार? इतके महिने कुठे होतात, म्हणाले. बदली माणसाने शिंप्याची पत्रं डॉक्टरांकडे टाकली होती आणि डॉक्टरांची शिंप्याकडे. दोघांनी वाचलीत. आता दोघांचं बोलणं बंद आहे."

"आणि हाताचं?"

"हाताचं एकच म्हातारी बोलली, कोपऱ्यावरच्या घरातली." पोस्टमनने डावा हात पुढे केला. त्याचा चेहरा फुलला होता. "म्हणाली, मेल्या, अजून हात धुवायला शिकला नाहीस. आण ते पाकीट इकडे."