भाऊजींचं सगळ्यात मोठं वर्तुळ

आमच्या भाऊजींना लहानपणापासून मोठ्याची हौस. आमच्या लग्नाला त्यांनी हॉल असा ठरवला की दोन्हीकडचे पाहुणे शेवटपर्यंत एकमेकांना सापडले नाहीत. गाडी अशी घेतली की ती गल्लीत वळतच नाही, म्हणून ती लांब हमरस्त्यावर उभी करून ते घामाघूम होऊन चालत घरी येतात. असा माणूस डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंचा संशोधक झाला, यात देवाचाच काहीतरी खट्याळपणा असावा.

त्यांचे जिवाणू झाडांच्या मुळांत राहतात. जेवताना कुणी न विचारता भाऊजी सुरू होतात. "वहिनी, झाडाच्या पेशी एकमेकींना पेक्टिनने चिकटलेल्या असतात. जॅम घट्ट होतो ना, तो त्याच्यामुळेच. माझा जिवाणू एक एन्झाइम सोडतो, पेक्टिन जरासं विरघळवतो आणि अलगद आत शिरतो. मग आत राहून झाडाला वाढायला मदत करतो. मुळाला पत्ताही लागत नाही!" सासूबाई कौतुकाने त्यांच्या पानात आणखी वाढतात.

माझी रोपवाटिका आहे. टोमॅटोची रोपं तयार करून विकते. घरात याला 'वहिनींचा छंद' म्हणतात. त्या हंगामात एका नव्या गिऱ्हाइकाने सगळीच्या सगळी रोपं माझ्याकडून घ्यायचं कबूल केलं होतं. ती चांगली निघाली असती तर ते गिऱ्हाईक कायमचं माझं झालं असतं आणि माझं काम घरात एकदाचं काम ठरलं असतं. ते ट्रे मी जिवापाड जपत होते.

नेमकं तेव्हाच भाऊजींना आपला जिवाणू खऱ्या रोपांवर सोडून बघायचा होता.

"एक ट्रे घ्या," मी म्हटलं.

भाऊजींचा चेहरा उतरला. फक्त एक!

"अगं, घरचा शास्त्रज्ञ आहे," सासूबाई म्हणाल्या. "लोक याच्यासाठी रांगा लावतात." आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "बघ बाई, तुझं तू." याचा अर्थ, दे. दिले सगळे.

आपला निवडलेला गडी दाखवायला भाऊजी काचेची बशीच घेऊन आले. बशीत पेक्टिनचा थर, त्यावर जिवाणूंचे ठिपके. जो जितकं पेक्टिन फस्त करतो, तितकं मोठं स्वच्छ वर्तुळ त्याच्याभोवती उमटतं. एकाभोवती नखाएवढं होतं, एकाभोवती बांगडीएवढं.

"हा!" बांगडीवर बोट ठेवून भाऊजी म्हणाले. "अख्ख्या प्रयोगशाळेत याच्या जवळपास कुणी नाही." जेवतानाचं ते 'जरासं' कुठे गेलं, कुणास ठाऊक.

तोच त्यांनी सगळ्या ट्रेंत सोडला आणि थोड्याच दिवसांत रोपांनी माना टाकल्या. एक उपटलं, तर वरचं हातात आलं आणि मूळ मातीतच राहिलं, शेंबडासारखं. सगळ्या ट्रेंना कुजका वास येत होता. मी तिथेच फतकल मारून रडले.

भाऊजी धावत आले. मुळाचा लगदा चिमटीत धरून त्यांनी उजेडात पाहिला, बोटांवर चोळला आणि त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, पाझर फुटला.

"वहिनी," ते म्हणाले, "पेशीला पेशी धरून राहिली नाही हो! काय ताकद आहे!" आणि मोबाइल माझ्या हातात दिला. त्यांना ट्रेंसोबत फोटो हवा होता.

काढला मी फोटो. गिऱ्हाइकाने फोन करून अगदी सभ्यपणे सांगितलं की दुसरीकडे व्यवस्था केली आहे. त्याने दोन शिव्या दिल्या असत्या तर कमी लागलं असतं.

मूळ कुजवणारा एवढा जबरदस्त जिवाणू शोधला म्हणून भाऊजींचं परिषदेत नाव झालं. ते खरं तर झाडाला मदत करणारा शोधत होते, हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

परत आल्यावर ते हळूच माझ्याजवळ येऊन बसले. "तुमचं नुकसान झालं, ते मी विसरलेलो नाही वहिनी. नव्या जिवाणूला नाव द्यायचा मान मला मिळाला. तुमचं दिलंय."

मला त्यांचा गळा धरावासा वाटला. सासूबाईंनी मात्र डोळ्यांना पदर लावला.

"बघ, किती जीव आहे त्याचा तुझ्यावर," त्या म्हणाल्या. "आणि आता ते रोपांचं बंदच झालं, तर उद्यापासून याचा डबाही तूच करत जा."