सुभद्राआत्याचा अंगठा

हुलसूरची आमची सुभद्राआत्या स्वच्छतेच्या बाबतीत जरा अतीच आहे. पाहुण्याचा चहा संपायच्या आत ती कप घासायला नेते. माझ्या संशोधनाला ती ‘बशा ओरखडायचं शिक्षण’ म्हणायची. कडगंचीच्या विद्यापीठात मी काचेच्या बशीत पेशींचा थर वाढवते, मधून ओरखडून रेघ ओढते आणि काठच्या पेशी सरकत येऊन ती कशी बुजवतात ते पाहते. त्यामुळे तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

आत्याला शुगर. पायाच्या अंगठ्याला जखम झाली ती भरेना. डॉक्टरांनी मलम देऊन पट्टी बांधली आणि बजावलं, पुढच्या खेपेपर्यंत भरायला लागली नाही तर अंगठा काढावा लागेल. आत्या हसली खरी, पण घरी येईपर्यंत तिनं माझा हात सोडला नाही. मी सुट्टी टाकून तिच्याकडे राहिले.

सकाळी पाहते तर नळाखाली पट्टी सोडून ही बाई जाड फडक्यानं जखम घासतेय!

“आत्या, काय करायलीस हे?”

“रोजच करते की. चिकट चिकट येतंय. घाण ठिवू व्हय अंगावर?”

माझं डोकंच फिरलं.

“घाण काढायची ती डॉक्टर काढतील. काठच्या पेशी सरकत सरकत मधे येतात, तवा जखम भरते. मलमातलं औषध त्यांना बोलावतंय. पण नुसतं बोलावून भागत न्हाई, पाय ठिवायला भुई लागते. तुझं शरीर तिथं प्रथिनांची भुई अंथरायलंय, आन् तू ती रोज खरवडून काढायलीस!”

“म्हंजे, त्या चालायलेत?”

“व्हय.”

आत्याच्या हातातलं फडकं गळालं. “आगं बाई! आधी कामून न्हाई सांगितलीस?”

त्यानंतर पट्टी मीच बदलायची, ती तोंड फिरवून बसायची. हात शिवशिवले की भांडी घासायची. भांडी संपली तेव्हा बसल्या बसल्या माझ्या चपलाही घासल्या. वेडीच आहे, पण माझा फार जीव आहे तिच्यावर.

ठरल्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी सोडली. जखमेच्या काठानं आत येणारी गुलाबी कड दिसत होती. जखम मोजायला त्यांनी मोजपट्टी पुढे केली, तोच आत्यानं त्यांचं मनगट धरलं.

“हात नका लावू, डॉक्टर. चालायलेत त्या.”

“कोण?”

“पेशी.”

डॉक्टर हसले. “चालू देत. अंगठा वाचला तुमचा.”

आत्यानं मनगट सोडलं, पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडे बोट दाखवलं. “ही आमची भाची, प्रेरणा. ह्याच्यातच शिकायलीय.”