नेव्हिलच्या चड्डीतलं शिसं

नेव्हिल ऑकरॉइड आठवडाभर इंग्लंडातल्या बार्न्सलीत घरांना गिलावा करायचा आणि शनिवारी बॉक्सिंगच्या लढतीत पैसे घेऊन हरायचा. हरणं सोपं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा रिंगमध्ये उतरून हरून बघावं. जिंकलास तर पुढच्या लढतीचे फोन बंद, कारण तिकिटं समोरच्या पोराच्या काका-मामांनी घेतलेली असतात आणि पोर हरलं की ते पुन्हा फिरकत नाहीत. नॉकआउट झालास तर डॉक्टर घरी बसवतो, आणि नेव्हिलच्या वयात कायमचाच बसवला असता. म्हणजे हरायचं, पण दोन पायांवर. मी त्याचा मेव्हणा. कोपऱ्यात बादली धरायचो आणि तोंड बंद ठेवायचो.

लढती जुळवणारा आणि तिकिटं विकणारा माणूस एकच, रॉय टॅटरसॉल. तो फोनवर विचारायचा, "वजन किती तुझं?" नेव्हिल म्हणायचा, "तुला किती हवंय?" समोर कोण आहे हे नेव्हिलने कधी विचारलं नाही.

त्या वसंतात रॉयकडे कॅलम ड्रॅन्सफील्ड नावाचं पोर होतं, नेव्हिलपेक्षा एक अख्खा वजनगट वरचं. मँचेस्टरच्या बड्या आयोजक बाई, बिअट्रिस लोमॅक्स, त्याला बघायला येणार होत्या. रॉयला पोरगा त्यांच्या गळ्यात मारायचा होता, आणि त्यासाठी कुणीतरी आडवं पडलेलं दिसायला हवं होतं.

"तिसऱ्या फेरीत झोपलास तर कुणाचं काय बिघडतंय?" रॉय म्हणाला.

"माझं," नेव्हिल म्हणाला, आणि लढत घेतली. नाही म्हणणाऱ्याला रॉय दुसऱ्यांदा विचारत नसे.

दोघांच्या वजनात फरक फार दिसला तर बॉक्सिंग मंडळाचा माणूस लढत रद्द करतो. म्हणून माझ्या बहिणीने नेव्हिलच्या चड्डीला आतून खिसे शिवले आणि त्यांत मासेमारीच्या गळाचं शिसं भरलं. वर तो पोट डब्ब होईस्तोवर पाणी प्यायला. काट्याने त्याला पास केलं. मंडळाचा माणूस काट्याकडे, मग दोघांकडे, मग पुन्हा काट्याकडे बघत राहिला. कॅलम नेव्हिलच्या डोक्यावरून खिडकीबाहेर बघत होता. रॉयने नेव्हिलच्या कमरेवर थाप मारली, हाताला शिसं लागलं, आणि तो म्हणाला, "छान भरलायस." तेव्हा मला रॉयच्या डोक्यात बादली घालावीशी वाटली.

लढतीत नेव्हिलने आपलं सगळं दुकान मांडलं. मिठी मारली, पायावर पाय दिला, दोरांवर रेलून डोकं लपवलं. कॅलम हवेत ठोसे मारून मारून दमला. शेवटच्या फेरीत तो तोंड उघडं टाकून पुढे आला, आणि नेव्हिलचा डावा हात सवयीने गेला तो थेट हनुवटीवर. पोराचे गुडघे वाकले.

"धर त्याला!" मी ओरडलो.

नेव्हिलने धरलं. बाहेरून ती नेहमीचीच मिठी वाटली, पण त्या धिप्पाड पोराचं सगळं ओझं त्याने अंगावर घेतलं होतं. तो त्याच्या कानात काहीतरी बोलत होता. रेफरीने सोडवलं की पुन्हा धरायचा. घंटा झाली. रेफरीने गुणांवर कॅलमचा हात उचलला.

बाहेर कॅलमच्या आईने नेव्हिलला गाठलं. "लाज नाही वाटत? सगळा वेळ माझ्या पोराच्या गळ्यात पडत होतास."

"चुकलं, ताई," नेव्हिल म्हणाला.

लोमॅक्सबाईंनी कॅलमला घेतलं नाही. रॉयचे फोन यायचे बंद झाले. पुढचे आठवडे नेव्हिल कामावरून आला की हातपाय न धुता फोनशेजारी बसायचा आणि बहीण त्याच्यासमोर चहा ठेवून जायची. मी जायचो तेव्हा आम्ही हवापाण्यावर बोलायचो.

फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. लोमॅक्सबाई. आवाज एवढा मोठा की मलाही ऐकू आला.

"पोर केव्हाच पडलं होतं. तुम्ही उभं धरलं होतंत. कानात काय सांगत होतात?"

"नाकाने श्वास घे म्हणून."

"माझ्याकडे अशी पोरं बरीच आहेत," बाई म्हणाल्या.

इतक्या वर्षांत त्याचं काम कुणीतरी बघितलं होतं. नेव्हिलने विचारलं, "वजन किती हवंय?" मग फोनवर हात ठेवून बहिणीला म्हणाला, "ते शिसं टाकलं नाहीस ना?"