काकीचं लिंबू आणि मोरीचं पाणी

काकीच्या शेवटच्या अंघोळीचं पाणी आज सकाळी गटारात गेलं.

ते लिंबूच्या झाडाला जायला हवं होतं. तसं तिनं मला सांगून ठेवलं होतं आणि मी हो म्हणालो होतो.

मी सातवीपर्यंतच शिकलेला माणूस. लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या. घरचं असं फेसबुकवर लिहू नये, असं मुलगा म्हणेल. बरोबरच आहे त्याचं. पण मला आज चैन नाही.

बासष्ट-त्रेसष्ट साल असावं. मी अठरा-एकोणीसचा. शहाद्याजवळच्या आमच्या गावात माझे वडील बापू आणि काका, दोघा भावांची वाटणी झाली.

मोरी आमच्याकडे आली. मागचं परसू काकाकडे गेलं.

पण मोरीचं पाणी वर्षानुवर्षं भिंतीच्या भोकातून परसातच जायचं. तिथं काकीनं आपली बाग लावली होती.

भोकाच्या तोंडाशी विटांचे तुकडे आणि रेती भरलेला खड्डा. त्याला लागून अळू आणि केळ. मग चारी काढून लिंबूचं आळं. शेवटी गिलक्यांचा वेल.

विहिरीचं पाणी डोक्यावर आणायचं, ते प्यायला आणि रांधायला. झाडांना वापरलेलंच. आमच्या घरी भांडी राखेनं घासायचे, म्हणून झाडांना बाधायचं नाही. धुण्याला सोडा टाकला, तर आई ते पाणी वेगळं फेकायची. काकीनं तसं सांगितलेलं.

काकीची दोन बाळं गेली होती. गावातल्या बाया पाठीमागे म्हणायच्या, "हिना हातनं काही जगत नही."

ते लिंबू जगलं होतं. तिच्या हातचं पहिलं.

वाटणीत बांधावरून काहीतरी बिनसलं. बापूंनी विटा आणि चुना लावून ते भोक बुजवलं. गल्लीच्या बाजूला नवं पाडलं.

"आपला मोरीना एक थेंब तिकडे जावाले नको."

गल्लीत चिखल झाला. त्यात शेजारच्यांची म्हैस बसायला लागली. लोक हसायचे. मला त्या गल्लीतून जायची लाज वाटायची.

आणि मागे लिंबूची पानं गळायला लागली.

दुसऱ्या दिवशी आईनं धुण्याचं बोचकं उचललं आणि काकीच्या परसात जाऊन बसली. मग भांडी तिकडे गेली. मग लहान भावंडांच्या अंघोळी.

बापू संतापले. "धुनं कोठे धुस तू?"

"मोरीना थेंब गया का?" आई म्हणाली. "मोरी तं कोरडी शे. जाईसन देखा."

मोरी खरंच कोरडी होती. तिथं अंघोळ करणारे बापू एकटेच उरले. त्यांच्यासाठी तिथं पाणी कोणी भरेना.

वैशाखातल्या एका संध्याकाळी बापू शेतातून आले. अंगावर धूळ, खांद्यावर धोतर. सरळ मागे गेले आणि लिंबूजवळच्या काकीच्या अंघोळीच्या दगडावर जाऊन बसले.

काका ओट्यावर होते. त्यांनी नुसती मान वळवली.

काकीनं पदर ओढला, भरलेली बादली ठेवली आणि भिंतीआड गेली. धाकट्या भावाची बायको जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, बोलत नसे. पण तिचं लक्ष झाडाकडे होतं.

भिंतीआडून आवाज आला, "बाई, त्यासले सांगा, जरासं डावीकडे सरका म्हना. लिंबूले पानी भेटत नही."

आईनं सांगायची गरज नव्हती. बापू सरकले.

बस, तेवढंच. माफी नाही, काही नाही. आठवड्यात बापूंनी भोक पुन्हा मोकळं केलं. पावसाळ्यात लिंबूला पालवी फुटली.

काका गेल्यावर काकी आमच्यातच राहिली. माझी मुलं तिच्याच मांडीवर वाढली. ते झाड म्हातारं होऊन गेलं, आता त्याच्याच बीचं दुसरं आहे.

नातीच्या लग्नाआधी आम्ही परसात पेव्हर ब्लॉक बसवले. काकी म्हणाली, "उतार लिंबूकडे ठेवजो रे." मी मिस्त्रीला सांगतो म्हणालो.

सांगितलं नाही. मुलगा चिडेल, मिस्त्री हसेल, असलं काहीतरी मनात आलं. उतार गेटकडे गेला.

काकीनं ते पाहिलं. तेव्हापासून ती आपल्या अंघोळीचं पाणी टबात धरायची आणि मगानं नेऊन झाडाला घालायची. ऐंशी ओलांडलेली बाई. मी ओट्यावरून बघायचो.

एकदा हसत म्हणाली, "मी मरसू तवय मन्ही आंगोयनं पानी बी ह्यालेच जाऊ दे. लोके नाक मुरडतीन. मुरडू दे."

आज बायांनी तिला परसातच न्हाऊ घातलं. पाणी लिंबूच्या बाजूनं निघालं, झाडाला शिवलंसुद्धा नाही, सरळ गेटबाहेर. मी टॉवेल घेऊन उभा होतो.

कोणीतरी म्हणालं, "आबा, बाजूले व्हा, पाय वल्ला व्हतीन."

मी बाजूला झालो. पाणी अडवा, एवढं म्हणायचं होतं. इतकी माणसं बघून तोंड उघडलं नाही.

स्मशानातून आलो. मुलगा म्हणाला, "बाबा, आत गीझर लावलाय."

मी बादली घेतली आणि मागे गेलो. काकीचा दगड अजून झाडाजवळच आहे. त्यावर बसलो. पहिला तांब्या घेतला. पाणी गेटकडे पळालं.

मग मी जरा डावीकडे सरकलो. अगदी खोडाला लागून.

पाणी आळ्यात गेलं.

काकी, तुझं पाणी मी घालवलं. हे माझं आहे. रोज घालीन.

आता शांत झोप. हात जोडतो.